साहेबांनी निवडलेलं फुगीर रबर

चिमूर, १२ नोव्हेंबर १९९८

आदरणीय देवाजीभाऊ यांना इब्राहीमचा सलाम. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इथी नूरी अन् पोरं खुशाल आहेत. मी दूध शीतकरण केंद्रात मॅनेजर बोरकुटे साहेबांच्या हाताखाली फिटर आहे, त्यामुळे माझ्या तब्येतीचं विचारू नका.

दुधाच्या टाकीच्या खालच्या दाराले रबराची रिंग असते, हे तुमाले सांगायला नको. टाकी रोज कॉस्टिक सोड्यानं अन् आठवड्यातून एकदा ॲसिडनं धुवा लागते. जुनी रिंग झिजून दुधात काळे कण यायला लागले. मी म्हटलं, या धुण्यात टिकंल असंच रबर आणू. साहेब (बी.कॉम. आहेत, पाना कोणत्या बाजूनं धरतात हे अजून ठरलं नाई) म्हणाले, "रबर म्हणजे रबर." तरी तुमच्या चंद्रपूरच्या दुकानातून आणलेले तीन जातींच्या रबराचे तुकडे मी बरण्यांत ॲसिड घालून ठेवले. चार दिवसांनी साधं रबर चिकट झालं, नायट्राइल भज्यासारखं फुगलं, अन् ईपीडीएम होतं तसंच राह्यलं. माझ्या लेखी निकाल लागला होता. साहेबांनी फुगलेला तुकडा दाबून पाह्यला. "हेच लावा. याच्यात जीव आहे. ते तिसरं तर ॲसिड प्यालंच नाई."

लावलं. (माझ्या रजेच्या अर्जावर सही त्यांचीच असते.) ॲसिडच्या तिसऱ्या धुण्यानंतर ती रिंग दारातून जिभेसारखी बाहेर आली, अन् सहाशे लिटर दूध नालीत गेलं. तवापासून दूध घेणं बंद आहे. गुणाबाईची एकच म्हैस. ती तीन कोस चालत येते अन् भरली कॅन घेऊन परत जाते. काल म्हणाली, "इब्राहीमभाऊ, माह्या दुधात काय खोट हाय?" साहेबांनी मात्र वर अहवाल पाठवला की म्हशीच्या दुधाला वजन जास्त असल्याने रबरावर ताण आला. तो मंजूरही झाला.

तुमचा,
इब्राहीम

ता. क. ईपीडीएमची रिंग पाहिजे, लवकर. दाराच्या मापाची सुतळी सोबत आहे.

आणखी ता. क. ॲसिडचं मापटं हरवलं होतं, म्हणून तिन्ही वेळा मी अंदाजानं ओतलं. हात जरा सैल पडला असंल. हे आपल्यातच ठेवा.

शेवटचं ता. क. टपालाले उशीर लागते, म्हणून हे पत्र घेऊन साहेबच चंद्रपूरले येऊन राह्यले आहेत. पाकीट मी डिंकानं चिकटवलं आहे. ते उघडलेलं दिसलं, तर तुमच्या दुकानात एका फिटरले जागा आहे काय, तेवढं कळवा.