पन्नासची लेन्स आणि गोमाजीबाबांचं घर

शनिवार, ९ डिसेंबर

घेतली! पन्नासची.

करडीहून दोन बस बदलून साकोलीला गेले. संघपालदादा तिथे लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी करतो, जुन्या लेन्सही विकतो. त्याने टेबलावर दोन ठेवल्या – पस्तीस आणि पन्नास मिलिमीटरची. दोन्हीत झूम नाही, दोन्ही माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सपेक्षा कितीतरी उजळ. म्हणाला, "तुह्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान हाय. पन्नासची समोरचं थोडंसंच पकडते, तेबी मोठं करून. पस्तीस म्हणजे डोळ्याले दिसते तेवढं. नवीन शिकणाऱ्यानं पस्तीस घ्यावं."

मी मान डोलावली आणि पन्नास उचलली. हिच्यात मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, मला तेच हवं होतं. दादा म्हणाला, आठ दिवसांत एकदा बदलून देईन. एकदाच.

रविवार, १०

घरात चालत नाही. आमची खोली दहा बाय दहा. भिंतीला पाठ लावली तरी आईचं नाक आणि एक डोळा, बस. आणखी मागे सरकले तर मोरीत. आईने फोटो पाहिला. "बाकीची मी कुठं हावो?"

सोमवार, ११

शेतात मात्र मागे सरकायला जागाच जागा. कापलेल्या धानाचे रचलेले ढीग म्हणजे पुंजणे, बगळे, एक खरजुला कुत्रा. कुत्रा फोटोत राजबिंडा आला.

मंगळवार, १२

शेजारच्या गोमाजीबाबांना 'फ्रेमचा फोटो' हवाय. म्हणजे मेल्यावर भिंतीवर लागतो तो. वय चौऱ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, पण घाई आहे. आमच्याकडे हा फोटो सहसा कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून काढतात. त्यांच्या मोठ्या भावाच्या फ्रेममध्ये खांद्यावर परक्याचा हात आहे आणि गालात बुंदी. बाबा म्हणाले, "मी जेवता जेवता भिंतीवर नाई जाणार."

रास्त मागणी आहे.

बुधवार, १३

काढला! अंगणात खुर्ची, धुतलेलं धोतर, टोपी. मागे त्यांचं नवं स्लॅबचं घर. पायरीवर निर्मलाआजी, म्हणजे बाबांची बायको, सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. म्हटलं, आजींनापण जवळ घेऊ. "राहू दे तिले तिथंच. ती काई मधात येत नाई."

चेहरा असा आला की मिशीचा केस न केस मोजावा. मी स्वतःवर बेहद्द खूश. संघपालदादाला काय कळतं!

गुरुवार, १४

मोहाडीहून मोठी प्रिंट काढून आणली. बाबांनी ती जवळ धरली, लांब धरली, उलटी करून मागेही पाहिलं.

"घर कुठं हाय?"

मी सांगितलं, याला ब्लर म्हणतात, लोक यासाठी मरतात.

"मरणार मी हावो, लोकं कायले मरतेत? दीड वर्ष ते घर बांधलं, तू एका दिवसात पुसून टाकलं. पाहणारा म्हणंन, बुढा धुक्यात मेला."

मला हसू आवरेना, म्हणून ते आणखी भडकले. घराचा खरंच निळसर धूर झाला होता, आणि पायरीवर एक जांभळा डाग. निर्मलाआजींनी प्रिंट हातात घेतली. डागावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मी?"

हो म्हटलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग तांदूळ निवडायला गेल्या.

शुक्रवार, १५

बाबा बोलत नाहीत. आई म्हणते, "लोकाईचं घर कायले पुसत फिरतेस व?" वाईट वाटतंय. माणसाने मरणाची इतकी तयारी केली आणि मी हौसेपायी घोळ घातला.

पस्तीस. ठरलं.

शनिवार, १६

बदलली. दादा नुसता हसला. ते जास्त झोंबलं.

रविवार, १७

पस्तीसने बाबांचा फोटो परत काढला. बाबा, घर, सज्जा, टाकी, म्हैस, पुंजणा – सगळं स्वच्छ. पायरीवर आजी, सुपासकट. बाबांनी तो मोबाईलवर घेऊन अख्ख्या आळीत फिरवला. "टाकीबी दिसते पहा." आईसुद्धा खोलीत पायापर्यंत मावली. शिकणाऱ्याने पस्तीसच घ्यावी, हे मी आता जगाला सांगायला मोकळी.

सोमवार, १८

बाबा शेतावर गेल्यावर निर्मलाआजी एकट्या आल्या. केस विंचरलेले, पेटीतली हिरवी साडी. दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या, "ते घर पुसणारं भिंग हाय का व तुह्याजवळ? मले त्याच्यातनं काढ. मागं काईच नको. घर नको, सूप नको. निस्ती मी."

मी म्हणाले, आहे. उद्या सकाळी या.

त्या वळल्या तशी दादाला फोन लावला – पन्नास कुणाला देऊ नको, मी निघाले.