काजळीची वेलांटी

१७ जाने. ५७
शाळा सुटल्यावर परळला. व्याख्यानमालेचे चिटणीस सामंत. विषय मंजूर: म्हाताऱ्या ताऱ्यांची काजळी. शब्दाला मात्र नाक मुरडले. "बाई, स्वयंपाकघरातला वाटतो हो. अंगारकण म्हणा." म्हटले, मराठी राज्यासाठी घसा फोडता आणि घरातल्या मराठीची लाज? काजळीच राहील.

१९ जाने.
टिपणे पुरी. ताऱ्यातला हायड्रोजन जळून हेलियम, म्हातारपणी हेलियमचा कार्बन. काही ताऱ्यांत तो ढवळून वर येतो, बाहेर निवतो, काजळी धरते. तारा आपल्याच धुराने झाकला जातो. मी कॉलेजात होते तेव्हा हे कुणी शिकवले नाही. या वयात नव्याने शिकले. भरल्या सभागृहात सांगायचेच.

२२ जाने.
हस्तपत्रके आली. 'म्हाताऱ्या ताऱ्यांचे काजळ'! छापखान्यात वेलांटी गळाली, मग व्याकरण जुळेना म्हणून कुणा शहाण्याने 'ची'चे 'चे' केले. भाची कुमुद खो खो हसली. "मावशी, सुरमापण घालणार का गं?" जेवले नाही.

२३ जाने.
सामंत म्हणतात, "उलट बरंच झालं. काजळ म्हटलं की बायका येतील." म्हणून व्याख्यान महिला मंडळाच्या हळदीकुंकवात, वाण लुटण्याआधी 'दोन शब्द'. सभागृहात प्रचारसभा. "राज्य आधी, बाई. तारे कुठं पळतात?" राज्य मलाही हवे, मोर्च्यात मीही चालले आहे. पण त्या राज्यात शिकवणार काय? काजळ? आणि विधवेला हळदीकुंकवाचे बोलावणे! सामंतांच्या ध्यानातही नाही.

२५ जाने.
मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या मात्र ध्यानात आहे. निरोप: "तुमचं बोलणं झालं की तुम्हाला मोकळं करू, मग कुंकू." मोकळं! कुमुद चिडली. "जाऊच नकोस." न गेले तर काजळच खरे ठरेल.

२७ जाने., दुपार
पत्रकांवर शाईने वेलांट्या देत बसलो दोघी. 'चे'चे 'ची' कुमुदने केले, हसली नाही. काळवंडलेली कंदिलाची काच न पुसता पिशवीत घेतली आहे.
दोन शब्द म्हणतात. दोन म्हणजे हायड्रोजन आणि हेलियम. कार्बन तिसरा. तो बायकांनी ऐकल्याशिवाय करंड्याचे झाकण उघडू देणार नाही. नंतर पहिल्या रांगेत बसणार.
कुमुद विचारते, "आणि उठवलं तर?"
चपला घालते आहे.