शेऱ्यांची वही

प्रिय चिमण्या,

चोवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट उलटसुलट करत बसशील, आणि वहिनी म्हणतील, "आधी फोडा तरी." अक्षर पूर्वीसारखं नेटकं राहिलेलं नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन प्रती खाडाखोडीमुळे फाडल्या.

रविवारी जुन्यांचा मेळावा झाला. जहाजावरून जेट उडवणारी आपली पहिली तुकडी. आता अकरा उरलो आहोत. आले सात, त्यांतल्या चौघांना ऐकू येत नाही. टेबलावर आपल्या विमानाची प्रतिकृती होती. शेपटीखालचा हूक चुकीच्या जागी बसवलेला. मी तसं आयोजकांना सांगितलं. लेक कानाशी लागून म्हणाली, "बाबा, एक दिवस तरी." पण त्या ओबडधोबड खेळण्याभोवती सगळे म्हातारे पोरांसारखे गोळा झाले, हे मान्य केलं पाहिजे. थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिन जागं व्हायला किती वेळ लावायचं, याची ढोल्याने साग्रसंगीत नक्कल केली. "माझी बायको याहून लवकर उठायची," हे त्याचं वाक्य तू शंभरदा ऐकलं आहेस. रॉकेलचा, आपल्या जेटच्या इंधनाचा, वास आला की त्याला अजून ओला डेक दिसतो म्हणे. मला काय दिसतं, ते मी सांगितलं नाही.

मग त्यांनी वही मागितली. तुला आठवत असेलच. डेकच्या मागच्या कोपऱ्यात दोन रंगीत बॅटी घेऊन मी उभा असायचो, येणाऱ्या विमानाला हातांनी वर, खाली, डावीकडे आणायचो, आणि शेवटी बॅट गळ्यावरून फिरवली की तुम्ही इंजिनाची शक्ती बंद करायची. त्यानंतर हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला तर उतरलात. नाही तर समोर जाळी. प्रत्येक उतरण्यावर वहीत एका ओळीचा शेरा. संध्याकाळी सर्वांसमोर वाचन, आणि ज्याचा शेरा त्याने उभं राहून ऐकायचं, उलट बोलायचं नाही. हा नियम माझाच. मला मास्तर हे नावही त्यावरूनच पडलं.

मी वाचत गेलो. "उंच, घाबरट, तरी सुखरूप," या शेऱ्यावर ढोल्या इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पन्नासेक वर्षांपूर्वी याच ओळीवर तो रात्रभर जेवला नव्हता. आणि मग तुझं पान आलं, तुझं शेवटचं उतरणं. तारांवरून सरळ पुढे, जाळीत; विमानाचं नाक चेपलेलं, तुझं गळ्याचं हाड मोडलेलं. शेरा: "संकेत मिळूनही वैमानिकाने शक्ती उशिरा बंद केली." तिसरा प्रतिकूल शेरा म्हणजे उड्डाण कायमचं बंद. हात गळ्यात बांधलेला असताना तू उभा राहिलास आणि "बरोबर आहे, सर," एवढंच म्हणालास. पुढे तू मोटार चालवण्याची शाळा काढलीस, तेव्हा मीच सगळ्यांना सांगत फिरलो, की आता शिकवताना याच्याही पायाखाली एक जादा ब्रेक असतो. फार दाद मिळाली होती.

रविवारीही मी तीच ओळ वाचली, तशीच, स्पष्ट उच्चारांत. ढोल्या हळहळत म्हणाला, "चिमण्याचं सगळं सोनं होतं, हात तेवढा जड." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. परतताना लेकीने विचारलं, दमलात का. हो म्हणालो. खोटं नव्हतं.

चिमण्या, त्या दुपारी संकेत मिळताच तू थ्रॉटलवरचा हात झटक्यासरशी मागे घेतला होतास. मी पाहिलं होतं. डेक वरखाली होत होता, तू उत्तम आला होतास, आणि मला ते उतरणं उत्तमच नव्हे, निर्दोष हवं होतं. डेक आणखी थोडा समतल व्हावा म्हणून मी एक सेकंद थांबलो. बॅट फिरवली तेव्हा तारा तुझ्या मागे गेल्या होत्या. संध्याकाळी लेखणी माझ्याच हातात होती. तुझे आधीचे दोन शेरे खरे होते, या आधारावर मी इतकी वर्षं झोपलो. तो आधार आता पुरत नाही. गुरुवारी वही संग्रहालयात जाते आहे. ती ओळ एका रेघेने खोडून खाली लिहिलं आहे: "संकेत उशिरा. वैमानिक निर्दोष." खाली आजची तारीख आणि सही. बुधवारी दुपारी चारला बाकीच्यांना माझ्या घरी बोलावलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही. तू ये. या वेळी वही तू वाच. गुडघे साथ देतील तोवर मी उभा राहीन, आणि उलट बोलणार नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
मास्तर