हॅरल्डची फरशी आणि विल्फचा डबा

मी, एनिड बारस्टो, टॉफीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली विधवा, राहणार घर नंबर चौदा, बीचहर्स्ट टेरेस, हॅलिफॅक्स, हे मृत्युपत्र कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करत नाहीत. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः ज्यात मी शेजाऱ्याच्या नावे “एक दमडीही नाही” असं घालायला सांगितलं होतं, ते.

१. राहतं घर, सामानासह, माझी भाची फिलिपा हिला. बँकेतली शिल्लकही तिलाच, अंत्यविधीचा खर्च भागवून. अंत्यविधीनंतर लोकांना जेवायला हॅम द्यावं आणि ते जाड कापलेलं असावं. माझा नवरा हॅरल्ड गेला तेव्हा पातळ कापलं होतं, त्याबद्दल लोक अजून बोलतात.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या चर्चच्या महिला मंडळाला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. माझ्या आणि सोळा नंबरच्या दारांमधली फरशी. ही हॅरल्डने हायड्रेंजियाच्या कुंडीसाठी स्वतः बसवली. तो गेला त्याच वर्षी काउन्सिलने चाकांचे कचऱ्याचे डबे वाटले, आणि शेजारच्या विल्फ ओल्डरॉयडने आपला डबा कुंडीला खेटून, बरोब्बर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणून उभा केला.

“विल्फ, वास येतो.”

“मग खिडकी लाव.”

“फरशी आमची आहे.”

“कुंडी सरकव, म्हणजे दोघांची होईल. काय बाई आहे!”

कुंडी मी सरकवली नाही. बोलणं बंद झालं, भांडण डब्यांनी चालू ठेवलं. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गेली की जो आधी बाहेर येईल तो शेजाऱ्याचाही रिकामा डबा आत आणतो. मी माझा आणायचे आणि त्याचा पावसात सोडायचे. तो माझा सोडायचा. नव्या पोस्टमनलाही कळायचं की या दोन घरांचं फाटलंय.

एकदा माझ्या कागद-बाटल्यांच्या डब्यात कुणीतरी अर्धा सॉसेज रोल टाकला. सफाईवाल्यांनी डबा उचलला नाहीच, वर “चुकीचा कचरा” अशी लाल चिठ्ठी चिकटवली, आणि ती सगळ्या गल्लीने वाचली. हे काम विल्फचंच, असं मी आजही म्हणते. तो म्हणतो, त्या रोलला मोहरी लावलेली होती आणि तो मोहरी खात नाही. मोहरी होती हे त्याला कसं ठाऊक, याचा खुलासा त्याने माझ्यामागे फिलिपाकडे करावा.

गेल्या हिवाळ्यात गाडी गेल्यावर त्याचा डबा बाहेरच राहिला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. माझं डोकं फिरलं. तो ढकलत मी त्याच्या दाराशी नेला आणि पत्रं टाकायच्या फटीतून ओरडले, “लाज वाटते का? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?”

आतून अगदी बारीक आवाज आला, “एनिड, जिन्याखाली पडलोय. तुझं ओरडून झालं की कुणाला तरी बोलाव.”

मी भांडायला गेले नसते तर विल्फ तिथेच संपला असता. त्याची बायको हयात नाही, मुलगा तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला. नाताळात फोन करतो. मला तो माणूस शेजारी हवा आहे. मी नसताना त्याच्याकडे कोण बघेल, एवढीच काळजी मला आता झोपू देत नाही.

४. म्हणून त्या फरशीवर डबा ठेवण्याचा हक्क विल्फला, तो हयात असेतो. कुंडी पायरीवर घ्यावी. फिलिपाने दर गुरुवारी गाडी गेल्यावर त्याचा डबा आत न्यावा आणि दार वाजवावं. तो “काय आहे?” म्हणून खेकसला की सगळं ठीक. खेकसला नाही, तर आत जावं. त्याची किल्ली माझ्या चहाच्या बरणीत आहे. बुधवारी रात्री डबा बाहेर आलाच नाही, तर गुरुवारची वाट पाहू नये. वकीलबाई म्हणतात, अशी अट कायद्यात टिकत नाही. फिलिपा, तू टिकव.

पुढचा मजकूर सहीआधी हाताने लिहिते आहे. साक्षीदार म्हणून मी विल्फलाच बोलावलं होतं. काठी टेकत, टाय बांधून आला. वकीलबाईंनी त्याला थांबवलं. “मिस्टर ओल्डरॉयड, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“मला मिळतंय? हिच्याकडून? काय?”

“फरशी,” मी म्हणाले. “डबा ठेवायला.”

तो टायशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “ते खोडून टाक, एनिड. मी सही करतो. तू आपली खिडकीतून ओरडत राहा, मला तेवढं पुरे.”

मी खोडलेलं नाही. म्हणून खाली त्याची सही नाही. तो उठून बाहेर गेला आहे. आज गुरुवार, गाडी नुकतीच गेली. खिडकीतून मला दिसतो आहे: एका हातात काठी, दुसऱ्या हाताने डबा ओढतो आहे. आधी माझा.

सही: एनिड बारस्टो

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
ग्लेनिस हॉयल, समोरच्या घरातली
टेरेन्स मॉफॅट, निवृत्त पोस्टमन

हॅलिफॅक्स, गुरुवार, १२ ऑक्टोबर २०१७