पाचवा गडी

तेलताडाचा मळा, साबा

प्रिय वेन्सी,

मी ठणठणीत आहे, काळजी नको.

आज मात्र डोकं फिरलंय. प्रार्थना आटोपून आम्ही बराकीतले पाचजण पत्ते खेळायला बसलो. आमच्यातल्या लुकासकाकांची बायको महिन्यापूर्वी गावी वारली, त्यांना एकटं पडू द्यायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, चांकुलान खेळू, त्यात कितीही जण चालतात. कानिसियस म्हणाला, "तो पोरखेळ! हुकूम लावूनच खेळायचं. चौघंच हवेत, काका नुसतं बघतील." तासाभरापूर्वी याच तोंडानं स्तोत्र गात होता! त्यानं चौघांनाच पत्ते वाटले, तसे काका हसून उठायला लागले. मी माझे पत्ते त्यांच्या हातात कोंबले आणि बाहेर येऊन हे पत्र लिहायला बसलो.

आतून कानिसियसचीच हाक येतेय, "दादा, या आता, पाचांचे पत्ते वाटलेत!" जाईन, पण राग उतरल्यावर.

आईला ऐकू येत नाही म्हणून तिला वेगळं जेवायला बसवत नाही ना रे?

तुझा थोरला,
डोनातुस