शनिवारी न्यायला या

बाबा,

शनिवारी दुपारच्या सामन्यात कॉलेजचा कोच संघासाठी आपल्या धाकट्या वेस्लीचा बेसबॉल बघायला येणार, म्हणून तुम्ही आत्तापासूनच टोपी धुऊन ठेवलीय, असं आई फोनवर म्हणाली. त्याच्या बॅटिंगची काळजी करू नका. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, त्याच्यासारख्या उभ्या पोराची हे कोच लोक पावलं बघतात, चेंडू उचलून तो किती चटकन फेकतो ते बघतात. आणि चेंडू हातून निसटला की पोरगं कुठं बघतं, ते तर हमखास बघतात.

माझ्या वेळी आलेला कोच मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "हात छान आहेत रे तुझे. पण चुकलास की पुढच्या चेंडूकडं नाही, बापाकडं बघतोस." तुम्ही तेव्हा मैदानाबाहेरची जाळी धरून ओरडत होता, "आंधळा झालास का रे?" त्यानं मला घेतलं नाही, तेव्हा फेकायला खांदा कमी पडला, असं मी घरी सांगितलं.

वेस्लीही तुमच्याकडंच बघतो.

पण हे तुम्हाला कसं पाठवू? कामावरून दमून येऊनही अंधार पडेस्तोवर आम्हाला चेंडू टाकणारे तुम्हीच. त्यापेक्षा फोन करून सांगतो, की तेलविहिरीवरच्या कामातून सुट्टी मिळालीय, शनिवारी दुपारच्या बसनं तुलसाला उतरतोय, न्यायला तुम्हीच या. सामना चुकला म्हणून वाटभर शिव्या घाला. मी ऐकून घेईन.

तुमचा थोरला,
क्लिंट