दोघींचं रांगणं

३ मार्च

घर लागलं एकदाचं! म्हणजे आपलं म्हणायचं तसं. अजून पाच खोकी तोंड बांधून भिंतीशी उभी आहेत, आणि गाळणं कुठल्या खोक्यात गेलं ते कळेना म्हणून आजचा चहा रुमालातून गाळला. पण उजेड काय आहे इथे! पुढची खोली, मग लांबट बोळ, बोळाच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला निजायची खोली आणि अगदी टोकाला अडगळीची खोली. नवऱ्याची बदली झाली तेव्हा मी दोन दिवस तोंड फुगवून होते. आज तो रुसवा गिळला. गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर त्याची ड्यूटी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तोवर घरी मी आणि ठमी. वय आठ महिने. खरं नाव जन्माच्या दाखल्यावर आहे, पण हे गाल बघून त्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही.

खाली शिवणकाम करणाऱ्या एक ताई एकट्याच राहतात. दिवसभर त्यांच्या मशीनची घरघर वर येते, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव मशीनताई ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, वरची जागा तीन वर्षं रिकामी होती, कधी टाचणी पडल्याचा आवाज नाही, आता बरं वाटेल. मी म्हटलं, आमच्या बाईसाहेबांना अजून नीट सरकताही येत नाही, तुम्ही निर्धास्त शिवा.

७ मार्च

ठमी रांगली! पण उलटी. पुढे खुळखुळा ठेवला, तर त्याच्याकडे बघत बघत मागे जाते आणि सोफ्याखाली शिरून भोकाड पसरते. नवरा म्हणतो, गाडीला आधी रिव्हर्स गिअर बसवून दिलाय. आम्ही इतके हसलो की तीही रडता रडता हसली.

१२ मार्च

गिअर दुरुस्त झाला. आता घर तिचं आणि मी तिची नोकर. आज सकाळपासून तिच्या तोंडातून काढलेल्या वस्तू: चपलेचा पट्टा, मेलेला मुंगळा, केसांचा गुंता, खोक्यावरची चिकटपट्टी. टेबलाच्या कडांना स्पंज लावला तर तिने स्पंज खाल्ला. तळवे फरशीवर आपटत जाते, थप थप थप, आणि मी वळेपर्यंत बोळाच्या टोकाला. आंघोळ दार उघडं ठेवून करते. जेवण उभ्याने. बसले की ती कुठेतरी पोचलेली असते.

नवरा येतो तेव्हा ती ताजीतवानी असते आणि मी चिंध्या. तो म्हणतो, मजा आहे तुमची दिवसभर. मी हो म्हणते.

१५ मार्च

हे लिहू की नको असं करत होते. पण वहीशी तरी खोटं कशाला.

आज कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. ठमीला पुढच्या खोलीत उशांच्या कुंपणात बसवलं, घराच्या दाराला बाहेरून कडी घातली. पाच मिनिटांचं काम. कपडे घालून झाले आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खाली बसले. कुणी माझा पदर ओढत नव्हतं. कुणाला माझं काही नको होतं. मी रडले, मग डोळे मिटून बसले. किती वेळ ते कळलं नाही. धावत खाली आले तर ठमी कुंपणातून बाहेर, बोळात बसलेली, खिदळत. अंगावर ओरखडा नाही, डोळ्यात पाणी नाही.

कुठली आई असं करते? पुन्हा नाही. शपथ.

१९ मार्च

शपथ तीन दिवस टिकली. काल गेले, आज परत गेले. आज चाळीस मिनिटं, घड्याळ बघून सांगते. कपडे नव्हतेच, रिकामी बादली घेऊन गेले, कुणी भेटलं तर हातात काहीतरी हवं म्हणून. एवढी लाज होती, तरी पायऱ्या चढताना अंग हलकं होत गेलं.

आले तर ठमी पुन्हा बोळाच्या टोकाला, अडगळीच्या खोलीच्या दाराशी. खूष. मी तिला उचललं तर नाराज झाली.

२१ मार्च

मशीनताई दारात आल्या. ठमीसाठी उरल्यासुरल्या कापडांचं दुपटं शिवून आणलं होतं. म्हणाल्या, "काय हो, किती खेळता तुम्ही लेकीशी! दुपारी मशीन बंद केलं की ऐकते मी. एक बारीक थप थप आणि मागोमाग एक जड. गुडघे फुटतील की तुमचे! आमच्या वेळी आया कुठे अशा मुलांबरोबर रांगायच्या?"

मी विचारलं, कधी ऐकलंत. म्हणाल्या, काल, परवा, त्याआधीही एकदा. तासभर चाललं होतं म्हणे.

माझ्या हातात दुपटं होतं. मी त्याच्याकडे बघत म्हणाले, "हो ना. मीच ती."

दुसरं काय म्हणणार होते? मी नव्हते, मी पोरीला कोंडून गच्चीवर बसले होते, असं?

२२ मार्च

त्यांनी जिन्यात नवऱ्याला गाठून माझं कौतुक केलं. तो आल्या आल्या माझ्या गुडघ्यांना हात लावून नमस्काराचं नाटक करायला लागला. म्हणाला, मला वाटायचं तू कंटाळतेस, पण चुकलो बघ. भांडी आज त्याने घासली. मी पलंगावर बसून ते ऐकत होते. चोरीचा माल अंगावर घालून मिरवणाऱ्या बाईसारखी.

जुनी इमारत आहे. आवाज कुठला कुठे जातो. बाजूच्या कुणाचा तरी असेल.

बाजूला मोकळं मैदान आहे.

२४ मार्च

गेले नाही दोन दिवस. ठमी मात्र रडून रडून घर डोक्यावर घेते आणि अडगळीच्या खोलीच्या दारावर थापा मारते. दार उघडून दाखवलं. बादल्या, मोडकी खुर्ची, आमचीच रिकामी खोकी. ती आत बघून हसली आणि गप्प झाली.

आज बोळात बाळाची पावडर चाळणीने पसरली, दार लावलं आणि बाहेर जिन्यात उभी राहिले. आतल्या आत मला माहीत होतं की हे तपासण्यासाठी ठमीला पुन्हा एकटं ठेवते आहे. तरी ठेवलं.

दाराला कान लावला. बारीक थप थप. मग थांबली. मग जड. सावकाश, एकेक. थप. थप. मग ठमीचं हसू. असं हसू माझ्याबरोबर कधी आलं नव्हतं तिला.

दार उघडलं. पावडरीत छोटे तळवे, छोटे गुडघे. त्यांच्या दोन्ही बाजूंनी मोठे. बाईचे तळवे, बोटं फाकलेली. गुडघ्यांचे फरपटलेले पट्टे. पाऊल एकही नाही. अडगळीच्या दारापर्यंत जाऊन परत, जाऊन परत, कितीतरी वेळा.

मी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. तो यायच्या आत.

२५ मार्च

सांगायचं होतं त्याला. तोंड उघडलंही. पण पहिलाच प्रश्न येईल, तेव्हा तू कुठे होतीस?

मीठ मागायला गेल्यासारखी खाली गेले, ठमीला कडेवर घेऊन. विचारलं, आमच्या आधी जे राहायचे त्यांच्याकडे असे आवाज यायचे का. मशीनताई म्हणाल्या, छे, म्हातारा-म्हातारी होती, देवमाणसं, मग तीन वर्षं कुलूप. "तुम्ही आल्यावरच घर जागं झालं बघा."

म्हणजे ते इथलं नाही. माझ्या जाण्याने जी जागा रिकामी झाली, त्या जागेत कुणीतरी येऊन बसलं.

२७ मार्च

ठमी आज "आई" म्हणाली. पहिल्यांदा. अगदी स्पष्ट.

मी तिच्या मागे बसले होते. तिचं तोंड बोळाकडे होतं.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं, आई म्हणाली. त्याने विचारलं, तू काय केलंस मग? मी म्हटलं, पापा घेतला.

२८ मार्च

सगळं लिहायचं. काहीही गाळायचं नाही.

अकरा वाजले होते. भर उजेड. मी स्वयंपाकघरात केळं कुस्करत होते. ठमी बोळात, माझ्या नजरेसमोर. अडगळीच्या खोलीचं दार वीतभर उघडं. त्या फटीतून, खाली, फरशीलगत, एक हात आला. तळवा टेकला. मग दुसरा. नखं झिजलेली. मग केस, जमिनीवर लोळणारे. ठमी भराभरा रांगत गेली आणि तिने आपला हात त्या हातावर ठेवला.

मी पळाले.

मी जिन्यातून खाली पळाले. मशीनताईंच्या दारावर दोन्ही हातांनी मारत सुटले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या कडेकडे बघितलं. म्हणाल्या, "आणि बाळ?"

मला त्यांनी विचारेपर्यंत आठवलंही नव्हतं.

डोक्यावर ऐकू येत होतं. एक बारीक, एक जड.

"अगं, मग ती कोण?" त्या म्हणाल्या. "तू तर म्हणालीस, मीच!"

मोठी कात्री हातात घेऊन त्या पुढे झाल्या. मी त्यांच्या मागे. बोळात ठमी एकटीच, दुपट्यावर नीट बसवलेली. मी उचललं तर पाठीची कमान करून किंचाळली. मशीनताईंनी घेतलं तर शांत.

२९ मार्च

मशीनताईंनी त्याला फोन करून बोलावून घेतलं. त्याने ऐकलं. एकदाच विचारलं, किती वेळा? मला तोंडाने सांगता येईना. त्याने वही समोर ठेवली. म्हणाला, बोलवत नसेल तर लिही, पण खरं लिही, मी नंतर वाचेन. ओरडला असता तर बरं झालं असतं.

काल सगळे मशीनताईंकडे झोपलो. उद्या हे घर सोडायचं.

३० मार्च

तो टेम्पो आणायला गेलाय. मशीनताई माझ्याबरोबर होत्या, खोक्यांना बांधायला सुतळी आणते म्हणून आत्ताच खाली गेल्या. पुढच्या खोलीत बसले आहे, बाहेरचं दार सताड उघडं आहे. ठमी माझ्या मांडीत, डाव्या हाताने घट्ट. उजव्याने लिहिते आहे.

किती वेळा: नऊ. पहिल्यांदा अर्धा तास असावा. मग चाळीस मिनिटं. एकदा सव्वा तास, ते मी इथे लिहिलंच नव्हतं. एकदा ती रडत होती, मी ऐकत होते, तरी उतरले नाही —

ठमी "आई" म्हणाली.

बोळाकडे बघून.

तिकडून उत्तर आलं. "आले गं राणी." माझ्या आवाजात. मी कधीच इतक्या गोड आवाजात —

थप.

वर बघायचं नाही. लिहीत राहायचं. मी हाक मारली, ताई, ताई, मशीन चालू झालंय खाली, कशाला चालू केलं, ऐकू जात नाही त्यांना —

थप. थप.

ठमी सुटायला बघते आहे. नखं मारते आहे. उठायला गेले तर हातातून निसटेल. मी सोडणार नाही. रडते आहे, माझ्यामुळे, मी धरलंय म्हणून. तिला तिकडे जायचंय. तिकडे ती कधीच रडली नाही, एकदाही —

उंबऱ्याशी आली. हात दिसतो आहे. पुढे केलेला. उताणा. मागतो आहे.

मी आई आहे. मी. माझा हात बधिर झालाय, आठ महिने झोप नाही, आणि एकच क्षण, देवा, एकच क्षण मला वाटलं की दिलं तर —